आठची पट्टी

माझा धाकटा भाऊ स्वतःच्या मोटरसायकलचे टॅपेट बघून घ्यायला माझ्या घरी आला, ही गोष्टच मुळात लाजिरवाणी होती. सोळा वर्षं गॅरेजात काढलेला माणूस. स्वतःच्या गाडीचं एवढं काम त्याला डोळे मिटून यायला हवं. पण त्यानं आदल्या संध्याकाळी गाडी आणून मागच्या दारापाशी लावली, किल्ली खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "दादा, इंजिन रात्रभर गार होऊ दे. सकाळी येतो, तुम्ही बघा."

तुम्ही! गॅरेजात तो मला तुम्ही म्हणायचा आणि घरात तू. नोकरी गेल्यापासून घरातही तुम्ही म्हणायला लागला होता. ही मला दोनदा म्हणाली होती, की हे काही बरं लक्षण नाही. मी म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

आमचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी तेवीसचा. त्याला वाढवला मी, आणि पुढे त्याच्या हातात पाना दिला तोही मीच. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत आम्ही दोघं एकाच गॅरेजात कामाला होतो. मी हेड मेकॅनिक आणि तो माझ्या हाताखाली. मग एका महिन्यात तीन गाड्या परत आल्या. तिन्हींचा एकच आजार: धूर बाहेर सोडणारी झडप म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तो जळलेला.

व्हॉल्व्ह कशानं जळतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, त्याला रॉकर म्हणतात, तो आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. लोखंड तापलं की वाढतं, त्या वाढीला जागा म्हणून. ही फट मोजून ठेवणं म्हणजेच टॅपेट लावणं. फट जास्त झाली तर इंजिन टकटक वाजतं, गिऱ्हाईक कटकट करतं, पण इंजिन मरत नाही. फट उरलीच नाही, तर मात्र व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आगीची धग त्याच्या कडेनं निसटत राहते आणि ती कड जळते. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत इंजिन अगदी शांत चालतं. गिऱ्हाईक खूश असतं.

मालकानं विचारलं, या तीन गाड्यांचे टॅपेट कोणी लावले? वहीत आमच्या गॅरेजची फक्त गाडी लिहितात, हात लिहीत नाहीत. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "माझं काम तीस वर्षांत परत आलेलं नाही. आता उरलं कोण ते तुम्हीच बघा." शनिवारी त्याला काढलं. माझ्या तोंडावर सगळे म्हणाले, माणूस असावा तर असा, सख्ख्या भावालाही पाठीशी घातलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, चांगला महिनाभर वाटला.

भावानं पार्सलं पोचवायचं काम धरलं, स्वतःच्या गाडीवर. तो त्या कामावर जायच्या आधी मी त्याच्या गाडीचे टॅपेट लावून दिले, गॅरेजच्या पटांगणात, सगळ्यांसमोर. "बघ. याला हात म्हणतात," असंही म्हणालो. आता तीच गाडी चढावर दम टाकत होती, तापली की चालू होत नव्हती. दोनदा रस्त्यात बंद पडली होती. तिसऱ्यांदा पडली तर दुसरा माणूस बघू, असं त्याच्या साहेबानं त्याला सांगून ठेवलं होतं.

तर सकाळी तो आला. आम्ही मागच्या दाराशी जुनी चादर अंथरली. ही आत शिवणयंत्रावर बसली होती. तिचं शिवणकाम खिडकीतल्या उजेडात चालतं आणि तिथून तिला आम्ही दिसत होतो, ऐकूही येत होतो.

"उघडली होतीस का मध्ये?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही लावल्यापासून पेचकस लावलेला नाही."

"खरं सांग."

"खरंच दादा. मी कशाला लावतोय? मला कुठे जमतं."

मला ते ऐकून बरं वाटलं, इतका मी मूर्ख.

प्लग काढला, व्हॉल्व्हवरच्या दोन्ही टोप्या काढल्या, बाजूचं झाकण काढलं. इंजिन हातानं फिरवून त्या झाकणाआतल्या चाकावरची खूण खाचेसमोर आणली. ही खूण इंजिनाच्या दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. त्यातली एक खरी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दुसरी फसवी. कोणती आहे ते ओळखायचं तर रॉकर चिमटीत धरून हलवून बघतात. मोकळा असला तर बारीकसा हलतो. मी हलवून बघितला. हलला की नाही, सांगता येईना. आणखी एक फेरी फिरवली, पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. चार वेळा फिरवली.

"मगाचीच बरोबर होती, दादा," तो हळूच म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला होता. हवा ढकलत होती, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेले."

ते बरोबर होतं. मीच शिकवलं होतं त्याला. मी खूण तिथे आणली आणि फिलर उघडला. फिलर म्हणजे चाकूसारखी मिटणारी पोलादी पट्ट्यांची जुडी. प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. या गाडीला आत हवा येते त्या बाजूला, म्हणजे इनलेटला, आठची लागते, धूर बाहेर जातो त्या एक्झॉस्टला दहाची. आठची पट्टी मी आत सारायला गेलो. ती गेली नाही. दहाची एक्झॉस्टला लावली, तीही गेली नाही. सगळ्यांत पातळ चारची लावली. तिचं टोक वाकलं.

"चारसुद्धा जात नाही!" मी म्हणालो. "फटच नाहीये. काय केलंस तू या गाडीचं?"

"पार्सलं वाहिली," तो म्हणाला.

हसावं की थोबाडीत द्यावी ते कळेना. मी कारणं शोधायला लागलो. व्हॉल्व्हची बैठक झिजली असेल, पेट्रोल भेसळीचं असेल, त्यानं गाडी बेदम तापवली असेल. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी त्याला सोळा वर्षं ऐकवत आलो. त्या सकाळी अंगणाला नावं ठेवणारा मी होतो.

फटीचा स्क्रू जागी धरून ठेवणारा चेकनट ढिला केला, पेचकसानं फट उघडली, आठची पट्टी आत घातली आणि स्क्रू आवळत आणला. पट्टी मागेपुढे ओढत राहायचं आणि ती किंचित अडली की थांबायचं. लोण्यातून सुरी ओढल्यासारखी ओढली गेली पाहिजे. ओढत होतो, आवळत होतो. अडली असं वाटलं तिथे थांबलो, नट घट्ट केला, पट्टी खेचून काढली आणि त्याच्या हातात दिली.

"घाल. आणि नीट लक्ष दे, कशी लागते ते."

त्यानं पट्टी लावली. तिरपी करून लावली, सरळ करून लावली.

"जात नाही, दादा."

"जोर नको लावूस. हलक्या हातानं."

"हलक्या हातानंच लावतोय." मग त्यानं पट्टी पुसून परत दिली. "जाऊ दे, मला कळत नाही. माझा हातच तसा. तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार."

टोप्यांचे रबरी वायसर चिरले होते. ते आणायला तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच यंत्राचा आवाज थांबला आणि ही बाहेर आली.

"द्या इकडे ती पट्टी," ती म्हणाली.

"तुझं काय काम इथे?"

"द्या म्हणते ना."

तिनं वाकून पट्टी लावून बघितली. मशीनच्या सुईत दोरा ओवताना बसते तशी एक डोळा मिटून. "ही काही जात नाही. सांगा मला, कशी लागली पाहिजे?" मी सांगितलं. लोण्याचं उदाहरणही दिलं. "मग ढिलं करा," ती म्हणाली, "आणि मी पट्टी धरते. तुम्ही फक्त स्क्रू फिरवा."

मी मुकाट्यानं फिरवला. तिनं पट्टी मागेपुढे ओढली. "आता लागायला लागली," ती म्हणाली. "हां, बस. इथेच. लोणी."

मी तिच्या हातून पट्टी घेतली आणि ओढून बघितली. मला ती मोकळीढाक लागली. काहीच अडत नव्हतं. मी म्हटलं, "छे, ही तर नुसती लोंबतेय." आणि सवयीनं स्क्रू आणखी आवळला. मला अडायला लागेपर्यंत आवळला.

"किती फिरवलात बघा," ती म्हणाली.

पेचकसाची मूठ पाव फेरी फिरली होती. पाव फेरी म्हणजे आठच्या जागी शून्य, आणि वर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा.

ती माझ्यासमोर चादरीवर बसली. "डोळे मिटा," म्हणाली. मी मिटले. ऐकायचा माझा स्वभाव नाही, पण मिटले. तिनं जुडीतल्या दोन पट्ट्या माझ्या बोटांत दिल्या, एक या हातात, एक त्या. "जाड कोणती?" मी चोळून बघितल्या. उजवी म्हणालो. तिनं बदलून दिल्या. मी डावी म्हणालो. पाच-सहा वेळा तिनं असं केलं. मग मी डोळे उघडले. माझ्या एका हातात चारची होती आणि एका हातात तीसची.

"शेवटचं बरोबर आलं," ती म्हणाली. "बाकीची चुकली."

मला दहा वर्षं साखरेचा आजार आहे. पाय बधिर झालेत हे मला माहीत होतं. पायातली चप्पल निघून पडते आणि मी तसाच चार पावलं पुढे जातो, यावर घरात विनोद होतात. हाताचा विचार मी केला नव्हता. बोटं जरा लाकडासारखी वाटायची, पण मेकॅनिकची बोटं असणारच तशी, असं मी धरून चाललो होतो.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"हे माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "पण वर्षभर तुम्ही गरम पेला हातात धरून बसता, मला धरवत नाही तो. मी बोललेही होते. तुम्ही म्हणालात, कामाचे हात आहेत."

मी हिशोब घातला. वर्षभर. वर्षभरात माझ्या हातून गेलेल्या गाड्या आणि परत आलेल्या त्या तीन गाड्या. इंजिन किती शांत चालतंय म्हणून मालक माझी पाठ थोपटायचा. शांत चालणारच, फटच नव्हती! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा चोरच. घरातलाच दांडा कुऱ्हाडीला लागला होता, आणि तो दांडा मी होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. हिनं पदरानं माझे हात पुसले. ग्रीस पुसत होती की आणखी काही, कोण जाणे.

"त्याला सांगा," ती म्हणाली. "आल्या आल्या सांगा. मागाहून तुम्हाला शब्द फुटायचे नाहीत."

तो वायसर घेऊन आला. मी उभा राहिलो. आयुष्यात मी त्याच्यासमोर कधी असा उभा राहिलो नसेन.

"ऐक. त्या तीन गाड्या तुझ्या नव्हत्या. माझ्या होत्या. माझी बोटं गेली आहेत. पट्टी अडलेली मला कळतच नाही, म्हणून मी पाव फेरी जास्तच आवळतो. तुझी ही गाडीसुद्धा मीच मारली. तुझा हात बरोबर होता. मगाशी पट्टी जात नाही म्हणालास, ती खरंच जात नव्हती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण हसतो तसलं.

"वहिनी, तू शिकवलंस ना हे यांना?"

"अरे, खरं आहे ते," ती म्हणाली. "मी आत्ता पट्ट्या देऊन बघितल्या. चार आणि तीस कळत नाहीत त्यांना."

"पुरे गं," तो म्हणाला. "मला परत घ्यावं म्हणून दादा स्वतःवर घेतायत, एवढं कळतं मला. नका असं करू, दादा. तुमची नोकरी जाईल आणि माझी परत यायची नाही. तुमचा हात गेलेला असता तर मला कळलं नसतं?"

"तुला कळलं नाही कधी?" मी ओरडलोच. "सोळा वर्षं माझ्या शेजारी बसून?"

"एकदा," तो म्हणाला, "गेल्या वर्षी. तुम्ही लावलेली एक गाडी मी गंमत म्हणून तपासली. मला घट्ट लागली. दुसरी बघितली, तीही घट्ट." त्यानं खांदे उडवले. "तेव्हाच मला कळलं की आपला हात गेला."

त्याला घट्ट लागली, तर चूक त्याच्याच बोटांची, असं मानायला मीच त्याला शिकवलं होतं. धडा इतका पक्का बसला होता की आता मास्तरानं पुसून पुसला जात नव्हता.

मी पाना आणि पेचकस त्याच्या हातात दिला. "मी नाही करणार. तू कर. माझ्या डोळ्यांदेखत कर. मी बोलणार नाही."

"दादा, नको."

"कर!"

त्यानं केलं. इनलेटला आठची, एक्झॉस्टला दहाची. स्क्रू आवळला, पट्टी ओढली, सूतभर ढिला केला, पुन्हा ओढली, नट घट्ट करताना पेचकस हलू दिला नाही. नट घट्ट केल्यावर पुन्हा पट्टी घालून तपासली. हे मी हल्ली करायचं सोडून दिलं होतं. ही वाकली आणि तिनं दोन्ही पट्ट्या ओढून बघितल्या. "लोणी," म्हणाली. त्याला काही ते कळलं नाही.

टोप्या बसवल्या, प्लग लावला. त्यानं किक मारली. किक पोकळ जात होती, आत दाब धरतच नव्हता. व्हॉल्व्हची कड जळलेलीच होती, आज ना उद्या इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडावं लागणार होतं. पण पाचव्या किकेला इंजिन चालू झालं, आणि वरून बारीक, एकसारखी टिकटिक यायला लागली. निरोगी टॅपेटची टिकटिक. वर्षभर मी ती ऐकली नव्हती आणि चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. त्या क्षणी मला खरंच आनंद झाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारणार होतो.

त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं इंजिन बंद केलं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "वाजतंय. माझं वाजतंच. गिऱ्हाइकं हेच म्हणायची."

"वाजायलाच पाहिजे रे ते! बरोबर आहे म्हणून वाजतंय."

"तुमचं कधी वाजलं नाही, दादा."

"माझं चुकलेलं होतं. गाढवा, दहा वेळा सांगतोय!"

गाढवा म्हणायला नको होतं. जन्मभराची जीभ, ती काही एका सकाळीत बदलत नाही. त्यानं मान खाली घातली आणि गाडीशी खाली बसला. टोप्या पुन्हा काढल्या, खूण समोर आणली.

"गाडीवर मला बसायचंय," तो शांतपणे म्हणाला. "रस्त्यात बंद पडून आता चालायचं नाही. तुम्ही लावली होतीत तशीच लावतो. पाव फेरी, ना?"

"नको आवळूस," ही म्हणाली. "अरे, माझं तरी ऐक."

मी त्याचं मनगट धरलं. माझ्या बोटांना ते मनगट कळलं नाही. मी घट्ट धरलंय की नुसता हात ठेवलाय, हेही मला उमगेना. त्यानं ते अलगद सोडवून घेतलं, जसं म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतात. मग चेकनट ढिला करून त्यानं पेचकस फिरवला, आधी एका व्हॉल्व्हचा, मग दुसऱ्याचा. टोप्या लावल्या. किक मारली. बऱ्याच किका माराव्या लागल्या. शेवटी इंजिन चालू झालं, आणि वरून काहीही आवाज आला नाही.

त्यानं कान लावून ऐकलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा झाला. सोळा वर्षांत मी त्याच्या एकाही कामाला जमलं म्हटलं नव्हतं, आणि आता तो माझ्याकडे वर बघत होता.

"जमलं ना, दादा?"

"नाही," मी म्हणालो.

पुढचं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यानं इंजिन बंद करून पेचकस पुन्हा उचलला होता.

"अजून थोडं," तो म्हणाला. "कळलं. करतो."